जिवंत माणसाचा जीवनपट

आमच्या घरी सकाळी सहाच्या आत कुणी दार वाजवलं, की आई आधी चहाचं आधण वाढवायची आणि मग दार उघडायची. इतक्या लवकर येणारा माणूस कशासाठी आलाय, हे तिला न विचारताच कळायचं. बाहेर मोटरसायकलला टेकून कुणीतरी उभा असायचा, डोळे सुजलेले, खिशात घडी घातलेला कागद. "गुरुजी हायेत का?" आतून नाना घसा खाकरायचे. नाना म्हणजे माझे वडील. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, पण नारायणगावच्या आसपास त्यांना लोक ओळखायचे ते आवाजावरून. कुणाचा दशक्रिया विधी असला, की मीना नदीच्या घाटावर माईकसमोर नाना असायचेच. प्रवचन महाराजांचं, श्रद्धांजलीची भाषणं पुढाऱ्यांची, आणि या सगळ्यांच्या आधी गेलेल्या माणसाचा जीवनपट वाचायचा तो नानांनी. कुठं जन्मला, काय कष्ट केले, पोरांना कसं मार्गी लावलं, असा पानभर मजकूर. आमच्याकडं दहाव्याला लग्नापेक्षा जास्त माणसं जमतात, आणि जीवनपट नीट झाला नाही तर ते त्या घराच्या मनाला कितीतरी दिवस लागून राहतं. म्हणून नाना आदल्या दिवसापासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचे, ज्येष्ठमधाची काडी गालात धरायचे, गळ्याला मफलर गुंडाळून बसायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मेलं कोण आणि औषधपाणी कुणाचं चाललंय!"

नानांना आवाज देवानं दिला होता, पण लिहिण्याच्या वेळी तो देव कुठंतरी दुसरीकडं गुंतला असावा. त्यांचं वाक्य एकदा सुरू झालं की संपायचंच विसरायचं. मी तेव्हा कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करत होते आणि त्या वयात असते तेवढी शिष्ट होते. एकदा मी त्यांचा कागद ओढून घेतला, तीन वाक्यांची नऊ केली, दोन विशेषणं उडवली. त्या दिवशी घाटावर बायका पदर डोळ्याला लावून रडल्या. नाना घरी आले ते थेट माझ्या पुढ्यात बसले आणि म्हणाले, "इथून पुढं तूच लिहीत जा, मी फक्त वाचतो." अशी मला पहिली नोकरी लागली. पगार नव्हता. कधी कुणी पाटीभर द्राक्षं आणून द्यायचं, कधी टोमॅटो. आज पुण्यात मी दुसऱ्यांची पुस्तकं लिहून देते, कुणाच्या हस्तलिखितावर हात फिरवून देते, आणि नवीन काम आलं की कुणी ना कुणी माझा व्यावसायिक अनुभव विचारतं. मग मी साप्ताहिकं, प्रकाशनसंस्था, भाषांतरं अशी सगळी नावं ओळीनं लिहून पाठवते. त्यात दहाव्याचं लिखाण कधी घालत नाही. पण काम शिकले ते तिथंच.

माझ्याकडं एक वही होती. पुरुष गेला तर करारी, शिस्तप्रिय, कष्टाळू. जो आयुष्यभर भावाशी बांधावरून भांडला, तो हमखास मनमिळाऊ. बायकांसाठी मात्र एकच ओळ होती: सोशिक, प्रेमळ आणि धार्मिक. दोन-तीन वर्षांत आमच्या भागातली एकही बाई याहून वेगळी म्हणून गेली नाही. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे कबूल करते. घरातली माणसंच सांगायची, "बाईमानसाचं काय आस्तं, चार वळी लिवा." मी लिहायचे. बाईचं चार ओळींत बसतं, असंच मलाही वाटायचं.

एका सकाळी दार वाजलं ते चांगलं आठच्या सुमाराला, आणि बाहेर मोटरसायकल नव्हती, सायकल होती. दारात वारूळवाडीकडच्या वस्तीवरचे बबन तात्या. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात द्राक्षांची पेटी. त्यांना सगळा तालुका ओळखायचा. आमच्या बाजूला द्राक्षबाग यशस्वी करून दाखवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव घेत, त्यांना प्रगतशील शेतकरी म्हणून सत्कार, फेटा, ढाल सगळं मिळालेलं. नाना लगबगीनं पुढं झाले. "तात्या, कोण गेलं?"

"कोनी न्हाई गेलं, गुरुजी. मी जानार हाय की कवातरी. तवा माझं आत्ताच लिवून ठिवा."

नानांच्या गालातली ज्येष्ठमधाची काडीच खाली पडली. आईनं आतून "राम राम" म्हटलं. तात्या शांतपणे खाली बसले. "काल त्या गनपाच्या दहाव्याला तुमीच वाचलं ना, निर्व्यसनी म्हनून? आवो, त्याची सगळी हयात आळेफाट्याच्या हाटेलात गेली. मागं बसलेली मानसं तोंडात रुमाल घालून हसत व्हती. माझ्या टायमाला आसं नगं. मी आयकून, पटवून घेनार. मग मरनार." नाना म्हणाले हे अभद्र आहे, असं कुणी करत नाही. तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, "लिवती तर ही पोरगी ना? मग तिलाच इचारा की." पेटीचे पेपर बाजूला सरकवून मी तोवर दोन-चार द्राक्षं तोंडात टाकली होती. तोंड भरलेलं असताना नाही म्हणता येत नाही. मी मान डोलावली.

मग कितीतरी रविवार मी सायकल मारत वस्तीवर जायचे. बागेच्या कडेला पत्र्याचं छप्पर, त्याखाली बाज. बाजेवर तात्या, समोर पोत्यावर मी. तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीपुरतं शिकले होते, पण कान मोठा तिखट. मी मागच्या वेळचं वाचून दाखवायचे आणि ते एखाद्या शब्दापाशी बोट वर करायचे. "ह्यो शबुद कुनाचा? माझा न्हाई." असं म्हणाले की तो शब्द जायचा. पुढं कितीतरी मोठ्या माणसांबरोबर काम केलं, पण स्वतःच्या तोंडात न शोभणारा शब्द इतक्या चटकन ओळखणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

त्यांच्या बायकोचं नाव सोनाबाई. सगळा गाव त्यांना बाई म्हणायचा, मीही. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला आणि कमरेला छाटणीची कात्री. मी गेले की बाई बागेतून यायच्या, हात धुवायच्या आणि विचारायच्या, "जेवल्याबिगर जायाचं न्हाई, काय?" एका रविवारी त्यांनी माझ्यासाठी मासवडी केली. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं परतलेलं सारण पसरायचं आणि फडक्यासकट वळत न्यायचं. एवढं नाजूक काम त्यांनी कात्रीनं घट्टे पडलेल्या हातांनी असं केलं, की वडीला कुठं चीर गेली नाही. वर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक गळायला लागलं, तरी मी आणखी वाढून घेतलं. बाई समोर बसून बघत होत्या. बोलायच्या फार कमी. तात्या मात्र जेवण झालं की त्यांना सांगायचे, "जा तू बागंत, आमाला काम हाय." आणि बाई मुकाट्यानं उठून जायच्या.

दीड-दोन महिन्यांत माझी चांगली आठ पानं झाली. तात्यांचं लहानपण, विहीर खणली ते, मांडवाचे दगडी खांब बैलगाडीतून आणले ते, सत्काराला पुण्याहून मोठे पाहुणे आले ते. मी मोठ्या ऐटीत सगळं वाचून दाखवलं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "फाड त्ये."

मला रडूच आलं. मी म्हटलं, "तात्या, तुम्हीच सांगितलंत ना सगळं?"

"सांगितलं. पर बागंचं खोटं हाय." मग बागेकडं बघत ते हळूहळू बोलायला लागले. बाग लावल्यावर तिसऱ्या वर्षी अवकाळी पाऊस झाला, रोग पडला, सगळे घड मांडवावरच काळे पडले. तात्यांनी कुऱ्हाड घेतली. बाग तोडून टाकायची, पुन्हा बाजरी करायची. बाई मांडवाखाली आडव्या उभ्या राहिल्या, बाजूला होईनात. भांडण झालं. तात्या रागानं कुऱ्हाड तिथंच टाकून घोडेगावला बहिणीकडं निघून गेले आणि दीड महिना फिरकले नाहीत. "मी भनीकडं बसून खात व्हतो, बाये. आन हिकडं ही दोन लेकरं घिऊन बाग सांभाळत व्हती." दुसऱ्याच्या बागेत नाशिककडचा एक माणूस छाटणीला आला होता. बाई रोज त्या बागेच्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या, तो काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवतो ते बघायच्या आणि घरी येऊन तसंच करायच्या. बांधावर परकी बाई उभी राहते म्हणून लोक बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. एका मजुरणीला हाताशी धरून उन्हाळ्यातली सगळी छाटणी त्यांनी उरकली.

"मी आलो तवा सगळ्या काडीला फुटवं आलं व्हतं," तात्या म्हणाले. "मी काय बोललो न्हाई. हिच्या हातातली कात्री घ्येतली आन मजुरावर वरडाय लागलो, हे आसं करा, ते तसं करा. तवापासनं बाग माझी." सत्काराच्या दिवशी बाई मंडपात मागं बायकांत बसल्या होत्या. तात्यांना वाटलं होतं की बोलायला उभं राहिलं की सांगू. उभे राहिले, फेट्याखाली घाम फुटला, आणि सगळ्यांचे आभार मानून खाली बसले. "हे लिव. आन माझ्या दहाव्याला सगळ्या तालुक्याम्होरं वाच."

मी म्हटलं, "तात्या, पण हे आत्ताच सांगा की. बाईंना तरी सांगा."

"तिला म्हाईतच हाय. लोकास्नी म्हाईत न्हाई." टोपी पुन्हा डोक्यावर चढवत ते म्हणाले, "आन जित्तेपनी सांगाया तोंड न्हाई मला. मेल्यावर बरं, कोनाच्या डोळ्यात बघाया लागत न्हाई."

मी नव्यानं लिहिलं. आठ पानांची दोन झाली. एकही विशेषण नव्हतं. तात्यांच्या बोटानं ती सगळी टिपून काढली होती. त्यांनी खाली वळणदार सही केली. बागेचं खरं सांगितलं त्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, की ह्यातलं अक्षरसुद्धा कुणाजवळ बोलायचं नाही. मी वचन दिलं होतं. वचन देताना मला आपण फार मोठ्या झाल्यासारखं वाटलं होतं, अजून आठवतं.

पुढच्या हंगामात, घडांची विरळणी चालली होती तेव्हा, सकाळी सहाच्या आत आमचं दार वाजलं. बाहेर तात्यांचा थोरला मुलगा विलास. मला वाटलं, तात्या गेले. तो म्हणाला, "गुरुजी, आमची आई गेली. बागेत काम करता करताच खाली बसली ती..." माझ्या आईनं त्याला पाणी दिलं. निघताना तो म्हणाला, "गुरुजी, आईचं चार ओळी लिहा. घरातलीच बाई, तिचं काय मोठं असणार?" तो वाईट मुलगा नव्हता. त्याचं आईवर प्रेम होतं. त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

मी नानांना तात्यांचा कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि नकारार्थी मान हलवली. "हा कागद तात्यांच्या मागं वाचायचा आहे. सही त्यांची, गोष्ट त्यांची. ते म्हणाल्याशिवाय आपण कोण वाचणार?" बरोबरच होतं ते. मी वस्तीवर जाऊन आले. घरात पाहुणे मावत नव्हते, भाऊबंदांकडून पिठलं-भाकरीच्या पाट्या येत होत्या आणि तात्या भिंतीकडं तोंड करून निजले होते. मी पायाशी बसले. ते वळले नाहीत. एवढ्या माणसांत काय विचारणार? घरी येऊन मी वही उघडली आणि त्या चार ओळी लिहिल्या. सोशिक, प्रेमळ आणि धार्मिक.

दहाव्याला घाट फुलून गेला होता. पुढाऱ्यांच्या जीपगाड्या पार पुलापर्यंत लागल्या होत्या. मुंडण केलेली मुलं पिंड ठेवून मागं सरली आणि कावळा लगेच शिवला. बाईंनी तिथंही कुणाला ताटकळत ठेवलं नाही. मग नाना माईकपाशी गेले. त्यांचा तो भरलेला आवाज नदीवर पसरला. "कैलासवासी सोनाबाई या अत्यंत सोशिक, प्रेमळ..."

"गुरुजी, थांबा."

तात्या पुढच्या रांगेतून उठले होते. विलासनं त्यांचा हात धरला. "तात्या, बसा खाली. काय करताय?" तात्यांनी हात सोडवून घेतला. "त्ये नगं, गुरुजी. मी लिवून घ्येतलंय त्ये वाचा." नाना गांगरले. लोकांत कुजबुज सुरू झाली. कागद माझ्या पर्समध्ये होता. का आणला होता, कोण जाणे. मी बायकांमधून उठले. घाटावर माईकसमोर बाई उभी राहिलेली तोवर कुणी पाहिली नव्हती. नाना एका क्षणात बाजूला झाले आणि माईकची दांडी वाकवून माझ्या उंचीला आणून दिली. त्यांच्या भित्र्या स्वभावाला मी आयुष्यभर हसत आले, पण त्या दिवशी त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलंय.

कागद तात्यांच्या आयुष्याचा होता. तो वाचता वाचता मला बाईंचा करायचा होता. मी वाचलं, "ही बाग बबन तात्यांनी लावली, पण राखली ती सोनाबाईंनी."

"खरं हाय," तात्या उभ्या उभ्या म्हणाले.

"तात्या बाग तोडायला निघाले होते. सोनाबाई मांडवाखाली आडव्या उभ्या राहिल्या."

"खरं हाय."

"तात्या रागानं घोडेगावला निघून गेले. तो दीड महिना सोनाबाई दुसऱ्याच्या बांधावर उभ्या राहून छाटणी शिकल्या."

"खरं हाय." आता त्यांचा आवाज फाटला होता. तेवढ्यात बायकांमधून एक म्हातारी मोठ्यानं बोलली, "आमी बघितलीया तिला बांधावर. नावं बी ठिवली व्हती." आणि ती रडायला लागली. एका पुढाऱ्यानं घड्याळाकडं बघितलं, पण उठला नाही. मी शेवटचं वाक्य वाचलं, "सत्कार तात्यांचा झाला, तो सोनाबाईंचा होता," आणि तात्या म्हणाले, "ह्ये बी खरं हाय," आणि मटकन खाली बसले. विलासनं त्यांना धरलं, आणि दोघं बाप-लेक तसेच बसून राहिले. त्यानंतर भाषणाला कुणी उभं राहिना. महाराजांनी प्रवचन आवरतं घेतलं.

माणसं पांगल्यावर तात्या घाटाच्या पायरीवर एकटे बसले होते. त्यांनी मला हाक मारली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाये, तिनं तुला कंदी इचारलं व्हतं का, मी तुज्याकडनं काय लिवून घेतो त्ये?"

इथवर मी ही गोष्ट टाळत आले. बाईंनी विचारलं होतं. मासवडी केली त्याच दुपारी, म्हणजे मी कागद नव्यानं लिहीत होते तेव्हाच, मी हात धुवायला मोरीवर गेले तेव्हा, पाणी घालता घालता हळूच. आणि मी, दिलेल्या शब्दाला जागणारी, मोठी लेखिका होऊ घातलेली मुलगी, खोटं बोलले होते. मी मनात आणलं असतं तर त्यांना जिवंतपणी कळलं असतं, की त्यांचा नवरा दर रविवारी बाजेवर बसून काय करतोय. मला तात्यांशीही खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही. मी म्हटलं, "विचारलं होतं. मी सांगितलं, बँकेचा अर्ज लिहितोय म्हणून."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"मग?" तात्या म्हणाले. "ती काय म्हनली?"

"म्हणाल्या, अर्जाचं काय लिवायचं त्ये लिव, पर त्यास्नी लई येळ बसवून ठिवू नगं. पाठ दुखती त्यांची. सांगत न्हाईत कुनाला."

तात्यांनी टोपी काढली, तोंडावर धरली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले.